बारा बाय बाराची तुकडी आणि संगणकाचा डोळा

२६ जानेवारीच्या सकाळी दिल्लीत राहणाऱ्याला एक गंमत फुकटात पाहायला मिळते. हातात मोबाइल घेऊन गच्चीवर उभे राहावे आणि संचलनाचे थेट प्रक्षेपण लावावे. लढाऊ विमाने डोक्यावरून गडगडत निघून जातात, त्यांचा आवाज विरतो, आणि मग कुठे मोबाइलमधला निवेदक उत्साहाने सांगू लागतो की आता विमाने येत आहेत! घरातल्या लहानग्यांना वाटते, विमाने दुसऱ्यांदा आली.

हा उशीर वीस सेकंदांचा धरू आणि विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५० मीटर. तेवढ्या वेळात विमान ५ किलोमीटर पुढे गेले. राष्ट्रपती भवन ते इंडिया गेट हे अंतर सुमारे ३ किलोमीटर आहे. म्हणजे पडद्यावर जे विमान अजून यायचे आहे, ते प्रत्यक्षात सारा कर्तव्यपथ ओलांडून गेलेले असते. 'थेट' या शब्दावर किती विश्वास ठेवावा, हे यावरून कळेल.

गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाचे या वीस सेकंदांनी काही बिघडत नाही. पण हेच प्रक्षेपण माणसाऐवजी संगणकाला पाहायला दिले आणि त्याच्याकडून मोजमाप करून घेतले, तर सेकंदाच्या अर्ध्या भागानेही काय घडते, ते आमच्याच परेड मैदानावर घडले. ती हकिगत पुढे येईलच.

सुरुवात झाली एका साध्या प्रश्नाने. संगणक मंडळातल्या तीन छात्रांनी विचारले, "सर, कर्तव्यपथावरच्या तुकडीत किती जवान आहेत आणि त्यांची पावले मिनिटाला किती पडतात, हे संगणक नुसते बघून सांगू शकेल का?"

प्रश्न मला आवडला, कारण त्याचे उत्तर तपासता येते. संचलनातल्या पायदळ तुकडीत साधारणपणे १४४ जण असतात, बारा रांगा आणि प्रत्येक रांगेत बारा. २०२१ साली करोनामुळे ही संख्या ९६ वर आणली होती. २०२३ साली इजिप्तची तुकडी पाहुणी म्हणून आली, तीही १४४ जणांची होती. त्याच वर्षी मराठा लाइट इन्फंट्रीची तुकडीही कर्तव्यपथावर होती, त्यामुळे आमच्या घरी ते संचलन जरा जास्तच मन लावून पाहिले गेले. हवाई दलाच्या तुकडीत १४४ जवानांपुढे चार अधिकारी चालतात. तेव्हा संगणकाने १४८ आकडा दिला तर लगेच त्याला चुकला म्हणू नये.

पावलांचे म्हणाल तर 'तेज चल'मध्ये मिनिटाला १२० पावले, हे आपल्याकडे पहिल्या आठवड्यातच घोटून घेतात. म्हणजे सेकंदाला दोन, एका पावलाला अर्धा सेकंद. हा अर्धा सेकंद लक्षात ठेवा.

छात्रांनी पायथॉन शिकलेले होते. चित्रे आणि चलचित्रे हाताळण्यासाठी 'ओपनसीव्ही' नावाचा मोफत संच आहे. इंटेल कंपनीत १९९९ साली त्याचे काम सुरू झाले, आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो वापरतात. त्यात 'व्हिडिओकॅप्चर' नावाची एक सोय आहे. तिला शून्य हा आकडा दिला की ती लॅपटॉपचा कॅमेरा उघडते, फाइलचे नाव दिले की फाइल उघडते. मग 'रीड' म्हणत गेले की एकेक चित्र, म्हणजे एकेक फ्रेम, हातात येते. हे दोन्ही प्रकार छात्रांना जमले होते. तिसरा प्रकार त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला. यूट्यूबच्या ज्या पानावर चित्रफीत दिसते, त्या पानाचा पत्ता जसाच्या तसा उचलून व्हिडिओकॅप्चरला दिला.

काहीच घडले नाही. म्हणजे तक्रारही आली नाही. चौथ्या-पाचव्या ओळीवर, चित्र काळे-पांढरे करण्याच्या जागी, कार्यक्रम 'चित्र रिकामे आहे' अशा अर्थाचा संदेश देऊन कोसळला. छात्र दोन दिवस ती पाचवी ओळ दुरुस्त करत बसले होते. चूक होती पहिल्या ओळीत. व्हिडिओकॅप्चरला दार उघडता आले नाही तर ती ओरडत नाही, रिकाम्या हाताने परत येते आणि पुढच्या ओळीला रिकामे ताट देते. म्हणून पत्ता दिल्यावर लगेच 'इजओपन्ड' विचारून दार खरोखर उघडले का, याची खात्री करावी आणि प्रत्येक 'रीड'नंतर फ्रेम मिळाली की नाही हेही पाहावे. गार्ड ड्युटी बदलताना मोजणी करून ताबा घेतो, तसेच हे.

पण दार का उघडले नाही? कारण तो पत्ता चित्रफितीचा नव्हताच. तो एका पानाचा पत्ता होता. पानावर मजकूर असतो, बटणे असतात, शिफारशी असतात आणि मध्ये एक चौकट असते. ब्राउझर ते पान वाचतो, त्यातला कार्यक्रम चालवतो, आणि तो कार्यक्रम कुठून तरी चित्रांचा प्रवाह मागवून त्या चौकटीत ओततो. व्हिडिओकॅप्चरला पान वाचता येत नाही. तिला हवा असतो प्रवाहाचा स्वतःचा पत्ता. शाळेच्या मुख्य दारावरची पाटी वाचून कोणी मेसमधले जेवण मिळेल अशी अपेक्षा धरली, तर त्याला पाटीच मिळणार.

प्रवाहाचा पत्ता मुख्यतः दोन प्रकारचा भेटतो. भिंतीवरच्या कॅमेऱ्यांचा पत्ता बहुधा 'आरटीएसपी' या अक्षरांनी सुरू होतो. हा संकेत १९९८ साली ठरला आणि आजही बहुतेक सुरक्षा कॅमेरे तो बोलतात. दुसरा प्रकार म्हणजे 'एचएलएस', जो ॲपल कंपनीने २००९ साली आणला. मोबाइलवर आपण जी थेट प्रक्षेपणे पाहतो, त्यांतली पुष्कळशी याच किंवा याच्यासारख्या रीतीने येतात. त्याच्या पत्त्याच्या शेवटी 'एमथ्रीयूएट' असते.

एचएलएस समजून घ्यायला आपली मेस पुरेशी आहे. तव्यावरची प्रत्येक पोळी भटारखान्यातून एकेकटी पळत तुमच्या ताटात येत नाही. थप्पी झाली की टोपली निघते. तसेच इथे चित्रीकरणाचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात. ॲपलची शिफारस सहा सेकंदांची आहे. प्रत्येक तुकडा ही एक स्वतंत्र छोटी फाइल असते, आणि एमथ्रीयूएट ही फाइल म्हणजे मेसच्या दारावरचा फळा: अमुक टोपली निघाली, तमुक टोपली निघाली. त्या फाइलमध्ये एकही चित्र नसते, फक्त नावांची यादी असते. थेट प्रक्षेपणात ती यादी सतत बदलते, नवी नावे खाली चढतात, जुनी वरून पुसली जातात. पाहणारा कार्यक्रम मध्येच अडखळू नये म्हणून दोन-तीन तुकडे हाताशी जमवूनच दाखवायला सुरुवात करतो. सहा त्रिक अठरा सेकंद तिथेच गेले. गच्चीवरच्या विमानांचे कोडे बरेचसे इथे सुटते. बाकीचे सेकंद चित्रण दाबून लहान करण्यात आणि वाटेत खर्च होतात.

हे सारे फळ्यावर सांगून कळत नाही. आम्ही केले ते असे. छात्रांनी आपल्याच मैदानावरच्या कवायतीचे दहा मिनिटांचे चित्रण केले. 'एफएफएमपेग' या मोफत कार्यक्रमाने त्याचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे पाडले. त्याची यादीही तोच कार्यक्रम बनवून देतो. ते सारे एका संगणकावर ठेवले आणि पायथॉनमध्ये आयता मिळणारा छोटा सर्व्हर त्यावर चालू केला. मग प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या संगणकावरून त्या यादीचा पत्ता व्हिडिओकॅप्चरला दिला. दार उघडले! यादीची फाइल नोटपॅडमध्ये उघडून छात्रांनी वाचली, त्यातला एक तुकडा मुद्दाम पुसून टाकला आणि काय होते ते पाहिले. इंटरनेटची गरज नाही, कुणाची परवानगी नाही, खर्च शून्य. पालकांनी घरी सुटीत मुलांकडून हे करून घ्यावे, दोन तासांत होते.

परवानगीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. यूट्यूबच्या पानावरून आतल्या प्रवाहाचा पत्ता काढून देणारी साधने इंटरनेटवर आहेत आणि छात्रांना ती माझ्याआधी ठाऊक होती. पण यूट्यूबच्या अटींनुसार परवानगीशिवाय चित्रफीत उतरवून घेता येत नाही आणि असे यंत्राकरवी ओढून घेणेही चालत नाही. शिवाय काढलेला पत्ता काही तासांत बाद होतो, आणि त्या साधनांची दुरुस्ती सतत चालू असते. अटी मोडून चालवलेला आणि दर महिन्याला बंद पडणारा प्रकल्प प्रदर्शनात मांडण्यात मला काही हशील दिसत नाही. आपल्या मैदानावर रोज सकाळी संचलन होते, तेच चित्रित करावे.

आणखी एक सांगू? मोजणीसाठी दूरदर्शनचे प्रक्षेपण तसेही कामाचे नाही. ते माणसांना बघायला केलेले असते. पाच सेकंद तुकडी समोरून, मग सलामी मंच, मग उंचावरून सारा कर्तव्यपथ, मग प्रेक्षकांतले एखादे बाळ. प्रत्येक बदलाला संगणकाची मोजणी पहिल्यापासून सुरू. खालच्या पट्टीतली अक्षरे बुटांवरच येतात, आणि पावले मोजायची तर बूटच दिसायला हवेत. समोरच्या कॅमेऱ्यातून पहिल्या रांगेमागे उरलेल्या अकरा रांगा झाकल्या जातात. उंचावरून बारा बाय बारा स्वच्छ दिसते, पण तिथे माणूस म्हणजे एक ठिपका. एकाच चित्रात संख्या आणि पाऊल दोन्ही मिळणे कठीण, म्हणून आम्ही दोन कॅमेरे लावायचे ठरवले. तिथेच पुढे घोटाळा झाला.

त्याआधी फ्रेमबद्दल थोडे बोलायला हवे, कारण पुष्कळांची समजूत अशी असते की प्रवाहातून चित्रेच वाहत येतात.

हिशोब करू. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला रंगाचे तीन आकडे. एका फ्रेमला ६२,२०,८०० बाइट, म्हणजे सुमारे ६.२ एमबी. भारतात दूरचित्रवाणी सेकंदाला २५ फ्रेमच्या मापाने चालत आली आहे. पंचवीसने गुणले की सेकंदाला १५५ एमबी होतात. एवढे ओझे मोबाइलवर येणे शक्य नाही. प्रत्यक्षात प्रवाह येतो सेकंदाला साधारण ५ मेगाबिटचा, म्हणजे ०.६ एमबीच्या आसपास. अडीचशे पट कमी! उरलेले जाते कुठे?

ते पाठवलेलेच नसते. तुकडी पुढे सरकते, पण मागची झाडे, मांडव, रस्ता तसाच राहतो. म्हणून मधूनमधून एकच पूर्ण चित्र पाठवतात आणि त्यानंतरच्या फ्रेममध्ये फक्त काय बदलले तेवढे कळवतात. पूर्ण चित्राला कळीची फ्रेम म्हणू. ती बहुधा दर दोन-चार सेकंदांनी येते. मधल्या फ्रेम स्वतःच्या पायावर उभ्या नसतात. काही मागच्या फ्रेमवर टेकलेल्या असतात, काही तर पुढच्याही. कॅमेऱ्याचा प्रवाह मध्येच पकडला की पहिले काही क्षण करड्या रंगाचा चिखल दिसतो, माणसे फासल्यासारखी होतात, आणि मग एकदम चित्र लखलखीत होते. कळीची फ्रेम आली. वाटेत माहितीचे एखादे पुडके हरवले तरी असाच चिखल पुढच्या कळीच्या फ्रेमपर्यंत राहतो. अशा चिखलात संगणकाने माणसे मोजू नयेत, कारण तिथे तीन डोकी एकत्र होऊन दीड दिसतात.

हे सोडवून पुन्हा पूर्ण चित्र बनवण्याचे काम ओपनसीव्ही स्वतः करत नाही. तिच्या पोटात एफएफएमपेग बसलेला असतो, तो करतो. म्हणून एखादा पत्ता उघडत नसेल तर आधी तो साध्या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडतो का ते पाहावे. तिथेही उघडला नाही तर आपल्या कार्यक्रमाला दोष देण्यात अर्थ नाही.

(रंगांचीही एक जुनी खोड आहे. ओपनसीव्ही रंग लाल-हिरवा-निळा या क्रमाने न ठेवता निळा-हिरवा-लाल असे ठेवते. इतर साधने सरळ क्रम धरतात. छात्रांनी पहिल्यांदा तिरंग्याचे चित्र दुसऱ्या साधनात दाखवले तेव्हा केशरी पट्टा निळसर झाला आणि अशोकचक्र लालसर! हिरवा मात्र जागेवर राहिला, कारण तो मधला. एका आज्ञेने क्रम बदलता येतो. पण प्रदर्शनाच्या दिवशी हे घडले असते तर मला मुख्याध्यापकांसमोर उभे राहावे लागले असते.)

फ्रेम सोडवलेली असल्यामुळे ती साठवण्याचा मोहही टाळावा. एका छात्राने सगळ्या फ्रेम एका यादीत भरायला सुरुवात केली. सेकंदाला १५५ एमबी म्हटल्यावर ८ जीबीचा लॅपटॉप एक मिनिटही टिकला नाही.

आता मुख्य अडचण. प्रवाह सेकंदाला २५ फ्रेम देतो, म्हणजे एका फ्रेमला ४० मिलिसेकंद. छात्रांचा कार्यक्रम प्रत्येक फ्रेममध्ये माणसे शोधायला १०० मिलिसेकंद घेत होता. म्हणजे सेकंदाला दहाच फ्रेम पाहून होत होत्या. एका मिनिटात ६०० फ्रेम झाल्या, म्हणजे २४ सेकंदांचे चित्रण. घड्याळ मात्र साठ सेकंद पुढे गेले. एका मिनिटाला ३६ सेकंद पिछाडी! फाइल असेल तर चालते, फाइल थांबून राहते. थेट प्रवाह थांबत नाही. एचएलएसमध्ये तुम्ही टोपलीपाशी पोहोचेपर्यंत फळ्यावरून तिचे नाव पुसले गेलेले असते, आणि चित्र एकदम पुढे उडी मारते. भिंतीवरच्या कॅमेऱ्यात न वाचलेल्या फ्रेम साठत जातात, साठा भरला की गळू लागतात, आणि मग पुन्हा तो चिखल.

यावरचा उपाय पुस्तकात असा दिलेला असतो: एक वेगळा धागा फक्त फ्रेम वाचत राहतो आणि नेहमी शेवटची तेवढी हातात ठेवतो, दुसरा धागा त्या शेवटच्या फ्रेमवर काम करतो, मधल्या सोडून देतो. फाटकावर कोण आले हे पाहायचे असेल तर हा उपाय उत्तम आहे. तिथे आत्ताचे चित्र हवे, मघाचे नको. पण पावले मोजताना हाच उपाय अंगावर येतो. छात्रांनी तो केला आणि संगणकाने जाहीर केले की आपली तुकडी मिनिटाला १५० पावले टाकते!

बघा, कसे ते. एका पावलाला अर्धा सेकंद, म्हणजे २५ च्या मापाने साडेबारा फ्रेम. हलके काम असलेल्या दिवशीही कार्यक्रम पाचातली एक फ्रेम सोडत होता. म्हणून त्याच्या हातात एका पावलाच्या दहाच फ्रेम आल्या. त्याने दहा भागिले पंचवीस केले आणि ०.४ सेकंद उत्तर काढले. मिनिटाला १५०. गणित बरोबर, पण त्याने फ्रेमलाच घड्याळ समजले होते. प्रत्येक फ्रेमबरोबर तिची वेळ येते, ती मिलिसेकंदांत विचारता येते. त्या वेळेवरून मोजले तर मधल्या काही फ्रेम गळल्या तरी अर्धा सेकंद अर्धाच राहतो. प्रवाह सेकंदाला किती फ्रेम देतो, हा आकडाही कार्यक्रमाला विचारता येतो, पण थेट प्रवाहात त्याचे उत्तर कधी शून्य येते, कधी भलतेच मोठे. त्यावर भिस्त ठेवू नये.

हे दुरुस्त केल्यावर आकडा ११८ ते १२१ च्या दरम्यान येऊ लागला आणि आम्ही खूष झालो. आंतरसदन कवायत स्पर्धा जवळ आली होती. ड्रिल उस्तादांनाही हे पाहून कुतूहल वाटले. त्यांच्यासाठी मैदानाच्या दोन टोकांना दोन कॅमेरे लावले. पहिल्याला तुकडीचा डावा अर्धा भाग दिसत होता, दुसऱ्याला उजवा. कार्यक्रम दोन्ही चित्रे शेजारी ठेवून कोणाचा डावा पाय पुढे आहे ते तपासत होता. निकाल धक्कादायक निघाला. उजव्या बाजूच्या सहाच्या सहा फाइलींचे पाऊल चुकत होते. डावीकडचे 'बायाँ' टाकतात तेव्हा उजवीकडचे 'दाहिना' टाकतात, आणि तेही पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत. पडद्यावर लाल चौकटी झळकत होत्या. सराव संपल्यावर उस्तादांनी त्या सहा फाइलींच्या पुढच्या सहा जणांना मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या. मी तिथेच होतो आणि मी काही बोललो नाही. पडद्यावर दिसतच होते ना!

संध्याकाळी त्या सहांपैकी एक जण, वर्गात फारसा न बोलणारा, प्रयोगशाळेत आला. "सर, ढोलाचा ठोका डाव्या पायावर पडतो. माझा डावा पाय ठोक्यावरच होता," एवढेच म्हणाला. मी चित्रणाचा आवाज लावून पाहिला. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या आवाजात ढोल आणि त्याचा डावा पाय एकत्रच येत होते. पहिल्या कॅमेऱ्यातही ढोल आणि डावा पाय एकत्र. दोन्ही बाजू बरोबर, आणि दोन्ही एकत्र ठेवल्या की एक बाजू चूक.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवले, समोर एका मोबाइलवर स्टॉपवॉच चालू केले आणि संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या दोन्ही चित्रांचा एकदम फोटो घेतला. दोन आकड्यांत ०.४८ सेकंदांचा फरक होता. पहिला कॅमेरा तारेने जोडलेला होता, दुसरा वायफायवर, आणि तो स्वतःच्या पोटात अधिक फ्रेम साठवून मगच पुढे पाठवत होता. अर्धा सेकंद म्हणजे बरोबर एक पाऊल! फरक पाव सेकंदाचा असता तर चित्र विचित्र दिसले असते आणि आम्हाला शंका आली असती. पूर्ण सेकंदाचा असता तर दोन पावले झाली असती, पाय पुन्हा जुळले असते आणि काहीच कळले नसते. अर्ध्यानेच नेमका दगा दिला.

कार्यक्रमातही एक दोष होता. तो आधी पहिल्या कॅमेऱ्याची फ्रेम घेऊन, सोडवून, तपासून मग दुसऱ्याकडे वळत होता. ओपनसीव्हीमध्ये 'ग्रॅब' आणि 'रिट्रीव्ह' अशा दोन पायऱ्या वेगळ्या करता येतात: आधी दोन्हीकडून फ्रेम फक्त पकडायच्या, मग सवडीने सोडवायच्या. त्याने थोडा फरक कमी झाला. पण कॅमेऱ्याच्या पोटातला साठा त्याने हलत नाही. तो मोजूनच वजा करावा लागतो, आणि वायफायवर तो रोज सारखा नसतो. आता प्रत्येक सरावाआधी दोन्ही कॅमेऱ्यांसमोर एक छात्र दोन पाट्या टाळीसारख्या आपटतो, चित्रपटवाले करतात तशा. त्या क्षणावर दोन्ही प्रवाह जुळवतो, आणि फरक रजिस्टरमध्ये लिहितो.

पालकांसाठी दोन गोष्टी. पहिली, या चित्रणात मुलांचे चेहरे असतात. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. आमचा कार्यक्रम गुडघ्याखालचाच भाग कापून घेतो, चेहरे साठवत नाही. पावलांना नाव लागत नाही. दुसरी, घरच्या कॅमेऱ्याच्या आरटीएसपी पत्त्यात बरेचदा नाव आणि पासवर्ड उघड लिहिलेले असतात. तो पत्ता असलेला कार्यक्रम मुलाने मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवला की घराची किल्ली पाठवल्यासारखेच झाले. कारखान्यातून आलेला पासवर्डही तसाच ठेवू नये. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक कार्यक्रमाने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. छावणीच्या परिसरात राहणाऱ्यांना याहून जास्त सांगायला नको. कॅमेरा कुठे रोखायचा, याचेही नियम आहेत आणि ते पाळायचे असतात.

स्पर्धा झाली. त्या दिवशी निकाल परीक्षकांनीच डोळ्यांनी लावला, संगणक बाजूला ठेवला होता. उस्तादांना मी स्टॉपवॉचचा तो फोटो दाखवला होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, मग सहाही जणांना बोलावले आणि सांगितले की पुढे कधी खरोखर पाऊल चुकले तर दोन फेऱ्या माफ. त्या फेऱ्या अजून त्यांच्या खात्यावर जमा आहेत.